दहा सेकंदांचे देशपांडेकाका

देशपांडेकाकांच्या घरी चहा यायला उशीर झाला, तर साखर संपली असेल किंवा गॅस गेला असेल असं समजू नये. आपल्याला पेनल्टी झालेली असते.

चहा तयार असतो. कप ट्रेमध्ये असतात, ट्रे सुधाकाकूंच्या हातात असतो आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात वैतागलेल्या चेहऱ्याने उभ्या असतात. सोफ्यावर काका गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे बघत असतात. "थांब... थांब... हं, आता दे." मग चहा मिळतो, आणि आपला गुन्हा काय ते चहासोबत कळतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकू बोलत असताना मध्येच "हो का?" म्हणाले होते.

"ती सरळ जायली होती, तू आतून घुसलीस," काका म्हणाले. "पाच सेकंद."

मी खरं तर कुणाच्या बोलण्यात घुसणाऱ्यांतली नाही. ‘मुलीने अधिक बोलावे’ असा शेरा माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी इंग्रजीत यायचा. आठवड्यातून एखादं ‘हो का’ कसंबसं बाहेर पडतं, तर त्यालाही पेनल्टी. तेव्हाच या माणसाला टाळायचं असं मी ठरवलं होतं. पण ते आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात, आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद असते.

आमची बिल्डिंग मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या अंगाला आहे. पण घोड्यांत काकांना रस नाही. घोड्याला नियम वाचून दाखवता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जीव अडकलाय मोटारींच्या शर्यतीत. आणि शर्यतीतही नाही, शर्यतीनंतरच्या शिक्षेत. कोण जिंकलं हे त्यांना कित्येकदा आठवत नाही. कुणाला किती सेकंद लागले, आणि त्याच गुन्ह्याला मागच्या शर्यतीत दुसऱ्याला किती लागले होते, ते विचारा. जेवण सोडून सांगतील.

त्यांची शर्यत म्हणजे टूरिंग कारची. निमुळत्या नाकाच्या, उघड्या चाकांच्या त्या गाड्या नव्हेत. या दिसायला आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांसारख्याच, दारं-डिकी सगळं असलेल्या. त्यामुळे त्या एकमेकींना घासतात, बंपर लावतात आणि कुणी फारसं मनावर घेत नाही. आबिड्सच्या चौकात संध्याकाळी जे चालतं तेच, फक्त हेल्मेट घालून. मात्र मागून धक्का मारून पुढच्याला वळणावर हलवलं आणि त्याची जागा घेतली, तर तो गुन्हा. किती मोठा, ते तिथले पंच ठरवतात. त्यांना स्टुअर्ड म्हणतात. काकांच्या मते जगातले सगळे स्टुअर्ड सकाळी एक बोलतात आणि दुपारी दुसरं.

"त्याने धक्का मारला, समोरचा गरकन फिरला, दहा सेकंद. याने तसाच धक्का मारला, समोरचा फिरला नाही, सोडून दिलं! का? समोरच्याने गाडी सावरली म्हणून? मग शाबासकी त्याला द्या ना. धक्का तर तोच आहे!"

आणि मग त्यांचं ते नेहमीचं वाक्य: "परिणाम नको सांगू, कृती सांग."

हे वाक्य त्यांनी नोकरीतून आणलं. काकांच्या घराण्यात निजामाच्या काळापासून वकील आणि मुन्सफ. काका एकटे आरटीओत मोटार वाहन निरीक्षक झाले. लायसन्ससाठी मैदानात ‘आठ’ काढून घ्यायचे. स्कूटरवरून आठ काढताना पाय जमिनीला टेकला की नापास. मंत्र्याचा भाचा असो की दूधवाला. "साब, गिरा तो नहीं मैं," असं कुणी म्हणालं की काका म्हणायचे, "गिरा नहीं वो नतीजा है. पाँव टिकाया वो हरकत है. अगले महिने आओ." काकूंनाही त्यांनी एकदा नापास केलं. काकूंनी त्यानंतर स्कूटरला हात लावला नाही. काका बाजारात पिशव्या घेऊन मागेमागे चालताना दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

घरातही तोच कायदा. एकदा माझ्या हातून त्यांचा काचेचा ग्लास निसटला आणि गादीवर पडला. फुटला नाही. मी सुटकेचा श्वास घेतला.

"दहा सेकंद," काका म्हणाले.

"अहो, फुटला का तो?" काकू म्हणाल्या.

"गादी होती म्हणून. गादीचा गुण हिच्या खात्यात कसा लावू?"

पुढच्याच आठवड्यात मांजराने काकूंच्या लग्नातला टी-सेट फळीवरून खाली ढकलला. सहाच्या सहा कप गेले. काकांनी खाली बसून, डोळे बारीक करून फळी पाहिली, मांजर पाहिलं, आणि निकाल दिला की मांजर आपल्या रांगेतून सरळ चाललं होतं. सेट फळीच्या कडेला ठेवणाऱ्याची चूक.

"मला पेनल्टी?" काकू म्हणाल्या. "माझाच सेट फुटला आणि मलाच?"

"सगळ्यांना सारखं," काका म्हणाले. त्या संध्याकाळी काकूंनी स्वतःचा चहा दहा सेकंद थांबून प्यायला, आणि काकांना दिलाच नाही. त्यावर अपील नव्हतं.

मी त्यांच्याकडे नेमाने जायला लागले ती लॅपटॉपमुळे. काकांना इंग्रजी येतं, पण ते सरकारी. ‘विथ रेफरन्स टु युवर लेटर’ असं कुणी कॉमेंट्रीत म्हणालं असतं, तर त्यांना माझी गरज पडली नसती. मी घरूनच काम करते, शनिवार-रविवार मोकळी असते आणि बोलत नाही. म्हणजे काकांना हवी तशी मदतनीस. मी व्हिडिओ पुढेमागे करायची, स्टुअर्डचा निर्णय वाचून मराठीत सांगायची, आणि काका जेवणाच्या टेबलावर सगळी घटना पुन्हा मांडायचे. लोणच्याची बरणी म्हणजे पुढची गाडी. तुपाचं भांडं मागची. मेतकुटाची वाटी बाहेरून येणारी तिसरी.

"आता बघ. तूप आतून आलं. बरणीला जागा ठेवली का? नाही ठेवली. म्हणजे तूप दोषी."

"बरणी खाली ठेवा," काकू आतून ओरडायच्या. "तेल सांडतंय."

"सांडलं हा परिणाम आहे!"

बिल्डिंगमध्येही त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या रेड्डी अंकलची गाडी पार्किंगच्या खांबाला घासली, तेव्हा वॉचमन यादगिरीने काकांना बोलावून आणलं. काकांनी रेड्डी अंकलना आठवडाभर गाडी गेटबाहेर लावायची शिक्षा दिली. रेड्डी अंकल म्हणाले, "खंबा मेरा, गाडी मेरी, आप कौन?" तरी त्यांनी गाडी बाहेर लावली. कारण मागच्या महिन्यात काकांनी स्वतःच्या भाच्यालाही तेवढीच शिक्षा दिली होती, आणि तो पावसात भिजत रिक्षा शोधताना सगळ्या बिल्डिंगने पाहिला होता. काकांशी भांडता येतं. पण ते माणूस बघून बोलतात असं म्हणता येत नाही.

हे सगळं कधीपासून, असं मी एकदा काकूंना विचारलं.

"रोहिणी गाडी पळवायला लागली तेव्हापासून," काकू शेंगा सोलत म्हणाल्या. "त्याच्या आधी यांना शर्यतीचं काही माहीत होतं का? पेपरात फक्त मरण पावलेल्यांचं पान वाचायचे."

रोहिणीताई त्यांची एकुलती एक मुलगी. कुकटपल्लीत तिचं गाड्यांचं गॅरेज आहे. इंजिनिअरिंग करून गाड्यांखाली झोपते, असं तिचं वर्णन नातेवाईक करतात. शहरातल्या काही हौशी लोकांनी मिळून क्लब काढलाय; शहराबाहेर महबूबनगरच्या रस्त्याला त्यांचा छोटा ट्रॅक आहे, आणि तिथे ती स्वतः बांधलेली जुनी निळी सेडान पळवते. बरी पळवते. कायम दुसरी किंवा तिसरी येते. पहिली कधीच आली नव्हती.

तिचं आणि काकांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. दोघं एकमेकांशी फोनवर हवामानाबद्दल बोलायचे. कारण तेच, आठ. ती अठराची झाली तेव्हा मैदानात काकांचीच ड्युटी होती, आणि काकांनी तिला नापास केलं. मग पुन्हा नापास केलं. तिसऱ्यांदा काका रजेवर होते, तेव्हा ती पास झाली. "बाबांच्या मुलीपेक्षा दूधवाल्याचा मुलगा असते तर एकदाच नापास झाले असते," असं ती म्हणायची. हसत म्हणायची, पण ते दरवेळी म्हणायची.

काका तिची एकही शर्यत बघायला गेले नव्हते. "मी गेलो तर तिला वाटेल परीक्षा घ्यायला आलो," ते एकदा टेबलावरच्या बरणीकडे बघत म्हणाले. आणि लगेच, "पुढचा व्हिडिओ लाव."

मग गेल्या हिवाळ्यात क्लबचे सेक्रेटरी घरी आले. डॉक्टर फारूखी, पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांच्या तीन स्टुअर्डपैकी एक जण मुलाकडे परदेशी निघून गेला होता.

"साब, आपके जैसा कड़क आदमी होना हमकू," डॉक्टर म्हणाले. चहाला उशीर होत होता, कारण ते चपला दारात आडव्या काढून आले होते.

काकांनी स्टॉपवॉच थांबवलं. "मेरी बेटी चलाती है वहाँ."

"हौ साब, मालूम है. कायदा है ना. बेटी का मामला आया तो आप बाहर बैठना. बाकी दोनों देख लेंगे."

"लिखा हुआ है?"

"लिखा हुआ है."

लिहिलेलं आहे म्हटल्यावर काका हो म्हणाले. काकूंनी रोहिणीताईला फोन करून सांगितलं. ताई म्हणाली, "बाबा स्टुअर्ड? मग मी घरीच बसते ना. घरूनच नापास करा म्हणावं."

पण ती आली. शर्यतीच्या दिवशी तिची निळी गाडी रांगेत होती. मीही गेले, कारण काकांनी जाहीर केलं की व्हिडिओ मृणाल, म्हणजे मी, लावेल, नाहीतर ते येणार नाहीत. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि दंडावर स्टुअर्डची हिरवी पट्टी बांधली होती. ती तीनदा सोडून पुन्हा सरळ बांधली.

स्टुअर्डचा तंबू म्हणजे एक शामियाना, एक कूलर, तीन खुर्च्या आणि माझा लॅपटॉप. डॉक्टर फारूखींच्या शेजारी मिसेस राव बसल्या होत्या. त्या एके काळी स्वतः रॅलीत गाडी चालवायच्या, आणि आता सगळ्यांशी आईसारख्या वागतात. त्यांच्या मते ट्रॅकवर येणारं प्रत्येक लेकरू मुळात चांगलं असतं.

सकाळच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर लाल गाडीने पुढच्या गाडीला मागून टेकवलं. पुढची जराशी हलली, बाहेर सरकली, आणि लाल गाडी आतून निघून गेली. लाल गाडी श्रीनिवासची. तिशीचा, सॉफ्टवेअरमधला, बोलायला गोड माणूस.

"हलकासा था," डॉक्टर म्हणाले. "वॉर्निंग देके छोड़ देंगे."

"पुढची गाडी फिरली पण नाही बिचारी," मिसेस राव म्हणाल्या.

काका जणू याच वाक्यासाठी आयुष्यभर थांबले होते. ते उभे राहिले. तंबूत बरणी नव्हती, तूप नव्हतं; त्यांनी डॉक्टरांचा चष्मा आणि मिसेस रावांची पर्स घेतली आणि घटना मांडली. चष्मा दोषी ठरला. परिणाम आणि कृती यांच्यावर ते हिंदीतून इतके बोलले की कूलरमधलं पाणी संपलं. शेवटी दोघांनीही मान डोलावली. श्रीनिवासला दहा सेकंद लागले. त्याचं नाव यादीत पार खाली गेलं.

"आज के दिन इस मोड़ पे यही सज़ा," काका म्हणाले. "जो भी हो."

दुपारी मोठी शर्यत होती. शेवटच्या फेरीत श्रीनिवासची लाल गाडी पहिली, रोहिणीताईची निळी दुसरी. त्याच वळणावर निळीने ब्रेक उशिरा मारला. लालला मागून टेकवलं. लाल जराशी हलली, बाहेर सरकली, आणि निळी आतून निघून गेली.

रोहिणीताई पहिली आली. आयुष्यात पहिल्यांदा.

काकांनी मान खाली घातली, खुर्ची मागे सारली आणि नियमाप्रमाणे तंबूबाहेर गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत मी व्हिडिओ लावला. डॉक्टर फारूखी आणि मिसेस राव यांनी तो एकदाच पाहिला.

"साब की बच्ची है," डॉक्टर हळूच म्हणाले.

"तिची पहिलीच खेप आहे जिंकायची," मिसेस राव म्हणाल्या. "आणि ती लाल गाडी फिरली कुठे?"

पुढे काही बोलावं लागलं नाही. कागदावर लिहिलं गेलं: शर्यतीतली साधी घटना, कारवाई नाही. मला कुणी काही विचारलं नाही. मी स्वतःहून बोलणाऱ्यांतली नाही, हे आधी सांगितलंच आहे.

निकाल काकांना सांगायला मी चहाच्या टपरीकडे गेले. ते ग्लास हातात धरून उभे होते. त्यांच्या पाठीमागे दोन मेकॅनिक बिस्किटं खात होते. काका कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

"सुबह उसकू दस सेकंद ठोके, अभी लड़की कू माफ," एक जण म्हणाला.

"कैकू नहीं करते? बाप अंदर बैठेला है ना. घर का फैसला," दुसरा म्हणाला. "वो पोट्टी गाड़ी चलाती नहीं रे, बाप चलाता."

दोघं हसले. वाईट हेतूने नाही, जसं लोक हसतात तसं.

काकांनी ग्लास टपरीवर ठेवला. चहा अर्धा होता. मग ते जे करायला गेले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणी सांगून पटलं नसतं.

ते सरळ श्रीनिवासच्या गाडीपाशी गेले. "प्रोटेस्ट करो," म्हणाले.

श्रीनिवास टायरवर बसून पाणी पीत होता. "किस पे, अंकल?"

"निळ्या गाडीवर. नीली पे. उसने तुमकू धक्का मारा. लिखके देओ, उनको दोबारा देखना पड़ेगा."

"अंकल, वो आपकी बेटी है ना?"

"हौ."

"सुबह आपने मेरेकू दस सेकंद मारे."

"हौ. बराबर मारे."

"और अब आप बोलरे, मैं आपकी बेटी पे प्रोटेस्ट करूँ?" श्रीनिवासने आजूबाजूला पाहिलं, कुणी गंमत तर करत नाही ना म्हणून. "अंकल, घर में कुछ झगड़ा है क्या? मेरेकू नक्को डालो बीच में."

"झगड़ा नहीं है. तू लिख, मैं बोलता हूँ. टु, द चेअरमन, रिस्पेक्टेड सर..."

एवढ्यात मागून आवाज आला. "बाबा, काय करायलात तुम्ही?"

रोहिणीताई हेल्मेट काखेत धरून उभी होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले. चेहऱ्यावर अजून जिंकल्याचं हसू होतं. ते काढायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.



"माझ्यावर प्रोटेस्ट लिहून द्यायलात? मी एकदा, एकदा जिंकले बाबा." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सगळे नियम माझ्याच वाट्याला का येतात हो?"

"सकाळी..." काका म्हणाले. "त्याच वळणावर..." आणि थांबले. ज्या माणसाला मांजराचा खटला तोंडपाठ मांडता येतो, त्याला आपल्या मुलीसमोर एक वाक्य पुरं करता येईना. टपरीवर काय ऐकलं ते सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ते त्यांनी सांगितलं नाही. ते तिच्या कानावर जाऊ नये, यासाठीच तर ते इथे उभे होते.

मिसेस राव धावत आल्या. "देशपांडेसाब! स्टुअर्डने स्पर्धकाशी केसबद्दल बोलायचं नसतं! आणि तुम्ही तर प्रोटेस्ट सांगायलात? हे कुठे बसतं नियमात?"

"नाही बसत," काका म्हणाले.

"मग?"

"मला काय लागतं त्याला?"

मिसेस राव गोंधळल्या. त्यांनी आजवर कुणालाच काही लावलेलं नव्हतं. "म्हणजे... नियमाने... काढून टाकतात."

काकांनी दंडावरची हिरवी पट्टी सोडली, घडी केली, त्यांच्या हातात दिली आणि कुंपणाच्या दिशेने चालत गेले. तीस वर्षं लोकांच्या पायाकडे बघणाऱ्या माणसाचा स्वतःचा पाय पहिल्यांदा टेकला होता, आणि त्याने स्वतःच तो मोजला.

रोहिणीताई तिथेच उभी राहिली. मी तिच्यापासून चार हातांवर होते. तिला सांगायला हवं होतं, आणि तोंड उघडत नव्हतं. शेवटी मी फोन काढला आणि तिला मेसेज टाकला: टपरीवर दोघे म्हणत होते की बाबा आत होते म्हणून तू जिंकलीस. काकांनी ऐकलं.

तिचा फोन खिशात वाजला. तिने वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"इथेच उभी आहेस आणि मेसेज टाकायलीस?"

"हो," मी म्हणाले.

तिने पुन्हा एकदा वाचलं. कुंपणापाशी उभ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. मग हेल्मेट श्रीनिवासच्या मांडीवर टाकलं, जणू ते धरायला तो तिथे बसला होता, आणि तंबूकडे निघाली. मी मागे.

"मॅडम, ब्रेक मी उशिरा मारला," ती मिसेस रावांना म्हणाली. "मला वाटलं गाडी थांबेल. नाही थांबली. धक्का माझा होता."

"बेटा, केस बंद झाली."

"मग उघडा."

डॉक्टर फारूखी माझ्याकडे वळले. "व्हिडिओ है?"

"सकाळचा पण आहे," मी म्हणाले. माझ्यासाठी ते भाषणच होतं. मी दोन्ही शेजारी शेजारी लावले. लाल आणि निळी एकाच वळणावर, एकाच जागी, एकाच तऱ्हेने पुढच्याला टेकवत होत्या. एकीकडे सावल्या लांब आणि दुसरीकडे आखूड, एवढाच फरक.

दहा सेकंद लागल्यावर रोहिणीताई चौथी आली. तिसऱ्यापर्यंत कप असतो, चौथ्याला टाळ्याही नसतात. कप श्रीनिवासने घेतला, तो वर धरावा की नको हे त्याला कळत नव्हतं. टपरीवरचे ते दोघं मेकॅनिक आता तिसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलत होते.

परतताना रोहिणीताईने आम्हाला तिच्या रोजच्या गाडीत घेतलं. काका पुढे, मी मागे. काकांचं गाडीत बसणं हा एक वेगळा विषय आहे. स्टिअरिंग कुणाच्याही हाती असो, त्यांचा उजवा पाय सतत नसलेला ब्रेक दाबत असतो, आणि तोंडाने "बघ... बघ... बस आली... इंडिकेटर..." चालू असतं. त्यांच्याबरोबर एकदा आलेला कॅबवाला पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही.

"मी काही चुकीचं..." आरामघरच्या जवळ काका म्हणाले.

"चुकीचंच केलंत," ताई म्हणाली. "म्हणून तर काढून टाकलं तुम्हाला. आता गप बसा."

काका गप बसले. संध्याकाळची वेळ होती. बसेस, रिक्षा, उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटर्स, सगळा चंद्रायणगुट्टा रस्त्यावर उतरला होता. एक बस आम्हाला चाटून गेली, आणि काकांचा आवाज आला नाही. मी पुढे वाकून पाहिलं. त्यांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. ते झोपले होते. गाढ. पाय सरळ, सैल.

ताईनेही पाहिलं. तिने हात पुढे करून रेडिओ बंद केला. पट्टा त्यांच्या मानेला रुतत होता, तो सिग्नलला अलगद खाली ओढला. नंतर सईदाबादपर्यंत ती ज्या वेगाने आली, त्या वेगाने काकूंनीही आठ पास केला असता.

बिल्डिंगपाशी आलो. यादगिरी गेट उघडायला उठला. ताईने काचेआडून त्याला हातानेच नको म्हटलं आणि गाडी तशीच पुढे काढली.

"कुठे?" मी विचारलं.

"झोपू दे त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "रेसकोर्सला एक फेरी मारून येऊ."

प्रत्येक स्पीडब्रेकर ती इतक्या जपून ओलांडत होती की मागचा रिक्षावाला हॉर्न मारून मारून थकला. तिने खिडकीतून हात काढून त्याला पुढे जाऊ दिलं. मग एका भाजीच्या गाड्याला. रेसकोर्सच्या लांब भिंतीपाशी तर आम्हाला एका सायकलवाल्यानेही ओव्हरटेक केलं.